कंसातली म्हातारी

“कागद कधी खोटं बोलत नाही हो! खोटं वाचतो तो वाचणारा!”

रंगनाथ देवकुळे कतारमधल्या दोह्यात आल्यापासून हे वाक्य निदान दोनशे वेळा म्हणाला असेल. आणि का म्हणू नये? तासगावकडच्या जमिनीच्या दप्तरात सात वर्षं काढलेला माणूस तो! सातबारा, फेरफार, मोडीतली खरेदीखतं, सगळं त्याला तोंडपाठ. कुणाच्या आजोबानं कुणाच्या चुलत्याचा बांध किती फूट कोरला, हे आपण नुसत्या कागदाच्या वासावरून सांगतो, असं तो म्हणायचा. वास घेताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

असा हा माणूस १९८१ साली दोह्यातल्या एका कंत्राटदार कंपनीत टायपिस्ट म्हणून आला आणि मुशेरिब भागातल्या एका खोलीत आणखी पाच जणांबरोबर राहू लागला. बायको शैलजा गावीच राहिली. अशी दोन वर्षं गेली. आता लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातले सगळे मिळून त्रेसष्ट दिवस दोघं एका छपराखाली होती. बायकोला इकडं आणायचं तर कंपनीचं फॅमिली स्टेटसचं पत्र लागायचं आणि त्या पत्रावर सही लागायची हॅलम साहेबांची.

हॅलम साहेब अमेरिकन, कंपनीचे मॅनेजर. माणूस तसा भला, पण सहीसाठी ठेवलेला कागद त्यांच्या टेबलावर लोणच्यासारखा मुरायचा. रंगनाथचा अर्ज आठ महिने मुरत होता. शैलजा प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारायची, “सही झाली का?” रंगनाथ प्रत्येक उत्तराच्या शेवटी लिहायचा, “इन्शाल्ला!” एकदा तिनं चिडून लिहिलं, “हे इन्शाल्ला कोण? तेच सही करणार असतील तर त्यांना भेटा!”

अशात १९८३ च्या एप्रिलमध्ये साहेबांच्या मॅडमनी त्याला बंगल्यावर बोलावलं. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, पण आपण ते मराठीतच ऐकू.

“मिस्टर देवकुळे, तुम्हाला जुने जमिनीचे कागद वाचता येतात म्हणे?”

“मॅडम, कागद कधी खोटं...”

“छान!” असं म्हणून मॅडमनी पुठ्ठ्याचं एक खोकं त्याच्यापुढं सरकवलं.

खोक्यात फोटोकॉप्या होत्या. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं त्या काळी, म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी, हॅलम घराणं व्हर्जिनियात शेती करत होतं. त्यांची मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त, कोर्टातल्या नोंदी, सगळं हाताचं लिखाण. अमेरिकेत जुन्या घराण्यांची एक संस्था होती आणि तिथं साहेबांचं नाव दाखल करायचं तर पिढी न् पिढी कागदानं सिद्ध करावी लागायची. मॅडमना सगळं टाइप करून हवं होतं.

“एवढं करा,” मॅडम म्हणाल्या, “तुमच्या त्या पत्रावर सही मी करून घेते.”

रंगनाथला त्या क्षणी पुठ्ठ्याच्या खोक्यात शैलजाच दिसली!

बंगला गावाबाहेरच्या अल गराफा वस्तीच्या पार टोकाला होता. पुढं फाटक, मागं कुंपण आणि कुंपणापलीकडं नुसती वाळू. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कंपनीची गाडी त्याला तिथं सोडायची. मागच्या खोलीत इलेक्ट्रिक टाइपरायटर होता, खिडकीत एसी होता, आणि स्वयंपाकघरात वली होता. वली परभणीचा, साहेबांचा खानसामा. त्याच्याशी मराठीत बोलता यायचं, हा रंगनाथचा बोनस.

आणि काम? काम तर घरचंच निघालं! एका दस्तात जमिनीची हद्द अशी: पांढऱ्या ओकच्या झाडापासून ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून जळक्या खोडापर्यंत, तिथून शेजाऱ्याच्या बांधापर्यंत. “अहो वलीभाई, ही तर आपली चतुःसीमा!” रंगनाथ ओरडला. जुन्या लिखाणात इंग्रजी एस हे अक्षर एफसारखं दिसायचं. पण मोडी कोळून प्यालेल्या माणसाला त्याचं काय भय?

जोनास हॅलम नावाच्या मूळ पुरुषाचं मृत्युपत्र कोर्टात दाखल झालं होतं, त्या नोंदीवर तारीख होती दोन फेब्रुवारी १७३१, आणि पुढं तिरकी रेघ मारून दोन. आता तिरक्या रेघेपुढचा आकडा म्हणजे काय, हे रंगनाथला शिकवायला हवं? हिस्सा नंबर, जमिनीच्या तुकड्याचा! त्यानं एका रकान्यात १७३१ साल टाकलं, शेजारी स्वतःच्या अकलेनं एक नवा रकाना पाडला आणि त्यात हिस्सा नंबर दोन असं टाइप केलं. मॅडमना तो रकाना फार आवडला. तो कशाचा आहे हे त्यांनी विचारलं नाही.

मग आली वंशावळ. मॅडमनी हातानं काढलेली. वरून जोनास, खाली त्याची मुलं, नातवंडं, आणि सगळ्यात खाली हॅलम साहेब. साहेबांच्या वडलांच्या नावापुढं मृत्यूची तारीख होती. आईच्या नावापुढं काही नव्हतं, पण तिचं नाव कंसात होतं: (ॲडलेड हॅलम).

रंगनाथनं हळहळून मान हलवली. जमिनीच्या उताऱ्यावर खातेदार वारला की त्याच्या नावाला कंस करतात. गावाकडं अजून एखाद्याला कंस झाला म्हटलं की बाया डोळ्याला पदर लावतात. नावाला कंस पडला म्हणजे माणूस खलास! तारीख मॅडमना ठाऊक नसेल, इतकंच. त्यानं ॲडलेडबाईंपुढं टाइप केलं, ‘डिसीज्ड’. म्हणजे मयत. विचारायला हवं होतं का? हो, पण ज्याला कागद कळतो तो कुणाला कशाला विचारतो!

मॅडम उन्हाळ्याच्या सुट्टीला लंडनला निघाल्या होत्या. त्यांनी सुटकेसवर कागद ठेवून संस्थेला पाठवायच्या सहाही प्रतींवर सह्या केल्या, त्या टपालात टाकायला सांगितलं आणि जाताना म्हणाल्या, “उरलेले दस्त माझ्यामागं पूर्ण करा. आले की पहिलं काम तुमच्या सहीचं!”

झालं. मे संपला, जून लागला, आणि शमाल सुटला.

शमाल म्हणजे उत्तरेकडचा वारा. तो सुटला की दिवस-दिवस थांबत नाही. भर दुपारी सूर्य पितळेच्या जुन्या ताटासारखा मळका दिसतो, आभाळ आणि जमीन एकाच रंगाची होते, आणि कुंपण कुठं संपलं ते कळत नाही. साहेब कामावर, तेलविहिरींच्या दुखान गावी गेलेले. त्या भल्या मोठ्या बंगल्यात मागच्या खोलीत रंगनाथ एकटा, आणि काचेवर वाळू पडतेय, सुपात धान्य पाखडावं तशी. मधूनच वीज जायची. एसी बंद पडला की घर इतकं गप्प व्हायचं, की पुढच्या खोलीतलं घड्याळ इथं ऐकू यायचं.

अशाच एका दुपारी त्यानं खोक्यातला पुढचा दस्त काढला. जोनास हॅलमनं शंभर एकर विकल्याचा. ‘जोनास हॅलम जातीनं कोर्टात हजर झाला, त्यानं व्यवहार कबूल केला आणि आपली निशाणी केली.’ जोनासला लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी त्यानं तीन रेघांचं चिन्ह काढलं होतं, पाखराच्या पायासारखं. तारीख: नऊ डिसेंबर १७३१.

रंगनाथनं टाइप केलं. कागद काढला. मग तारीख पुन्हा वाचली.

त्यानं मृत्युपत्राची नोंद शोधून काढली. दोन फेब्रुवारी १७३१. ‘मयत जोनास हॅलम याचे मृत्युपत्र त्याची विधवा पेशन्स हिने हजर केले.’

फेब्रुवारीत मेला. आणि डिसेंबरात कोर्टात! तेही जातीनं!

“वलीभाई!” रंगनाथचा आवाज फाटला. “इकडं या जरा!”

वली कणकेच्या हातानं आला. “काय झालं रंगनाथभौ? असं का बघायलात?”

“हा माणूस फेब्रुवारीत मेला. डिसेंबरात येऊन जमीन विकून गेला.”

“कुठं?”

“अमेरिकेत.”

“मग जाऊ द्या की!” वली म्हणाला. पण त्यानं कागदाकडं पाहिलं, खिडकीबाहेरच्या पिवळ्या अंधाराकडं पाहिलं, आणि दाराबाहेर उभं राहूनच पुढं बोलला. “दहा महिने मातीत राहून आला म्हणायलात?”

“शंभर एकर विकायला.”

“या अल्ला! माझा चुलता जिता असताना तलाठ्याकडं जात नव्हता!”

हसण्यासारखं होतं, पण दोघंही हसले नाहीत. मेलेल्या माणसाला काय एवढं राहिलं असेल, की त्यानं उठून ओढा ओलांडून कोर्टात यावं? कारकुनानं त्याच्यापुढं शाई सरकवली असेल. त्याच्याकडं वर बघितलंच नसेल. रंगनाथनं स्वतः सात वर्षांत असे किती अंगठे न बघता घेतले होते!

पुढच्या शुक्रवारी तो आला तेव्हा खोलीत आठ दिवसांची धूळ होती. टेबलावर, टाइपरायटरच्या झाकणावर, सगळीकडं सारखी. आणि टेबलाच्या मधोमध, त्या धुळीत, तीन रेघा होत्या. पाखराच्या पायासारख्या.

“कबुतर असंल हो,” वली दारातूनच म्हणाला. “एसीच्या फटीतून येतंय कधी कधी.”

“एका पायाचं?”

वलीनं यावर विचार केला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

आणि नेमका तेव्हा टेलिफोन वाजला. दुपारचे अडीच वाजले होते. घंटा त्या रिकाम्या घरात अशी घुमली की रंगनाथ खुर्चीवरून उठला तो उभाच राहिला. पुढच्या खोलीत जाऊन त्यानं रिसीव्हर उचलला.

“हॅलो?”

खरखर. मग त्याचाच “हॅलो?” दुरून, दमून, परत आला. आणि त्यामागून, विहिरीच्या तळातून यावा तसा एका म्हातारीचा आवाज.

“मी ॲडलेड हॅलम बोलतेय. मी मेले, असं मला कळवण्यात आलंय. याबद्दल कुणाशी बोलायचं असतं?”

कागदावर ज्या बाईला त्यानं स्वतःच्या बोटांनी मयत केलं होतं, ती बोलत होती!

“क... कुठून बोलताय आपण?”

“माझ्या स्वयंपाकघरातून! दारावर माझ्या नावाचं पुष्पचक्र लटकलंय. त्यात लिली आहेत. मला लिली मुळीच आवडत नाहीत. माझ्या मुलाला सांग, मी येतेय. आता समोरासमोरच बोलू.”

खट्! फोन बंद. पण रंगनाथला आणखी अर्धं मिनिट त्या खरखरीत कुणीतरी श्वास घेतंय असं वाटत राहिलं. तो त्याचाच श्वास होता.

“वलीभाई, साहेबांची आई कधी वारली हो?”

“मला काय ठाऊक? चार वर्षं झाली, मी तरी तिला बघितली नाही.”

चार वर्षांत कुणी पाहिली नाही! आणखी पुरावा कसला हवा?

आता प्रश्न असा, की साहेबांना निरोप द्यायचा कसा? तुमच्या दिवंगत मातोश्रींचा फोन होता, असं लिहावं, तर वेड्यात काढून परत पाठवतील, आणि शैलजा कायमची गावीच राहील. न द्यावा, तर मातोश्री येणार म्हणाल्यात! दप्तरात वाढलेल्या माणसाकडं अशा वेळी एकच औषध असतं. रंगनाथनं निरोपाच्या चिठ्ठीवर ते टाइप केलं आणि शनिवारी सकाळी, साहेब दुखानहून यायच्या आधी, त्यांच्या टेबलावर ठेवलं: ‘विषय: लेट मिसेस ॲडलेड हॅलम. यू.एस.ए.हून फोन आला होता. काइंडली डू द नीडफुल.’

साहेबांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. सहा फूट दोन इंचांचा तो माणूस हळूच खुर्चीत बसला.

“देवकुळे... केव्हा?”

“काल दुपारी, सर. अडीच वाजता.”

“तिला फार त्रास झाला का?”

“आवाज जरा खरखरत होता, सर.”

साहेबांनी डोळे मिटले. “शेवटचं काही म्हणाली?”

“लिली आवडत नाहीत म्हणाल्या.”

“कधीच आवडल्या नाहीत तिला!” साहेबांचा बांध फुटला. “आणखी?”

“येतेय म्हणाल्या, सर.”

साहेबांनी डबडबलेल्या डोळ्यांनी वर छताकडं पाहिलं. रंगनाथनंही पाहिलं. तिथून काही येतंय का, याची त्याला खरोखर भीती होती.

मग साहेबांनी व्हर्जिनियाला फोन लावला. घरी घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. शेजारणीला लावला. शेजारीण म्हणाली, “कालपासून पडदे बंद आहेत हो! आणि दारावर पुष्पचक्र आहे.” आता शंकेला जागाच उरली नाही. ऑफिसात दोन मिनिटं शांतता पाळली गेली. मालकांकडून, म्हणजे कतारी शेखांकडून, खजुराची टोपली आली. एकेक माणूस केबिनमध्ये जाऊन साहेबांचा हात दाबून आला. रंगनाथची पाळी आली तेव्हा साहेबांनी त्याला मिठीच मारली.

“तिचा शेवटचा निरोप तुम्ही आणलात. मी विसरणार नाही.”

साहेबांच्या खांद्यावरून रंगनाथला त्यांचं टेबल दिसत होतं. सहीच्या ट्रेमध्ये त्याचा अर्ज होता, सगळ्यात वर! साहेबांनी डोळे पुसले, पेन उचललं, अर्जाकडं पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं. “आत्ता नको. आत्ता मला काही दिसत नाही.”

अमेरिकेला जायला साहेबांना विमान मिळालं सोमवारी दुपारचं. जाताना त्यांनी रंगनाथला बंगल्यावर बसवलं. “फोनपाशी थांबा. कुणाचाही येऊ शकतो.”

कुणाचाही! रंगनाथ फोनपासून जितकं दूर बसता येईल तितकं दूर बसला.

त्या दिवशी शमालनं कमाल केली. दुपारी तीन वाजता घरात दिवे लावावे लागले, आणि लावल्यावर वीज गेली. खिडकीबाहेर झाड नाही, फाटक नाही, काही नाही. नुसता पिवळा धूर, आणि त्यात कुणीतरी लांबून हाका मारतंय असा वाऱ्याचा आवाज. वली आणि रंगनाथ स्वयंपाकघरात एका मेणबत्तीपाशी बसले होते. वली पुटपुटत कुराणातली आयत म्हणत होता. रंगनाथ रामरक्षा म्हणत होता, आणि मधेच तिसऱ्या ओळीवर परत येत होता.

ठक्. ठक्. ठक्.

“वारा असंल,” वली म्हणाला.

ठक्. ठक्. ठक्.

“वारा तीनदाच मारतो का हो?” रंगनाथनं विचारलं.

शेवटी दोघं मिळून गेले. रंगनाथनं कडी काढली. वाऱ्यानं दार उघडलं, आणि उंबऱ्यात ती उभी होती. उंच, वाळकी, केसांपासून बुटांपर्यंत पांढरी धूळ. भुवया पांढऱ्या, ओठ पांढरे. त्या सगळ्या पांढऱ्यात दोन निळे डोळे तेवढे जिवंत.

“मी ॲडलेड,” ती म्हणाली.

वलीच्या हातातली मेणबत्ती पडली. मागं कोठीच्या खोलीचं दार धाडकन लागलं आणि आतून कडी बसली. रंगनाथ एकटा उरला. त्यानं तिच्या पायांकडं पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात. पण हिनं बूट घातले होते, आणि बुटाच्या आत काय चाललंय ते कसं कळणार! मग गावाकडं अंगात आलेल्याला विचारतात तेच त्यानं, हात जोडून, जमेल तशा इंग्रजीत विचारलं.

“आई, तुमचं काय राहिलंय? काय हवं ते सांगा. देतो.”

म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आंघोळ,” ती म्हणाली. “आणि चहा. टॅक्सीवाला मला फाटकाबाहेर वाळूत उतरवून पळाला.”

चहाचा पहिला कप संपला आणि तिनं दुसरा मागितला, तेव्हा रंगनाथच्या जिवात जीव आला. मेलेलं माणूस साखर कमी पडली म्हणून तक्रार करत नाही.

“आता सांग,” ती म्हणाली, “ज्या कागदावरून त्या संस्थेनं माझ्या दारावर पुष्पचक्र लावलं, तो कुणी टाइप केला?”

रंगनाथनं सगळं सांगितलं. उतारा, कंस, मयत. म्हातारी ऐकत राहिली आणि मग एकदम हसायला लागली. हसता हसता कानातली वाळू बाहेर आली.

“अरे माणसा! माझा जन्मदाखला यायचा होता, म्हणून सुनेनं माझं नाव कंसात ठेवलं! मी तर विमानाची भीती वाटते म्हणून चार वर्षं इकडं आले नाही. व्हिसा काढून पडला होता. पण स्वतःचं पुष्पचक्र पाहिलं, आणि म्हटलं आता कशाला भ्यायचं!”

रंगनाथला खूप हलकं वाटलं. इतकं, की तो धावत मागच्या खोलीत गेला आणि जोनासचे दोन्ही कागद घेऊन आला. “पण हा, मॅडम? हा तर खरंच मेल्यावर कोर्टात आला होता ना?”

म्हातारीनं चष्मा लावला. तिची हयात या कागदांत गेली होती. “तेव्हा आमचं वर्ष पंचवीस मार्चला बदलायचं. जानेवारी, फेब्रुवारी सरत्या वर्षातच मोजायचे. म्हणून एकतीस लिहून रेघ मारून दोन. आजच्या हिशेबानं बत्तीस. बिचाऱ्यानं डिसेंबरात जमीन विकली आणि पुढच्या फेब्रुवारीत तो गेला.”

“म्हणजे पाडवा!” रंगनाथ मराठीतच ओरडला. पौष, माघ, फाल्गुन सरत्या शकातले, हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं? सात वर्षं त्यानं दुसरं केलं काय होतं! हिस्सा नंबर दोन! त्याला कुठं तोंड लपवावं कळेना. आणि का कोण जाणे, जोनासबद्दल वाईट वाटलं. इतके दिवस तो या घरात होता, आणि आता एकदम साधा मेलेला माणूस झाला.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. म्हातारीचं विमान उतरलं आणि मागोमाग धुळीमुळं विमानतळ बंद झाला होता. साहेब काळा सूट हातावर टाकून, डोळे लाल करून, आत आले.

“प्रेंटिस,” म्हातारी कप न ठेवता म्हणाली, “पाय पुसून ये.”

साहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच भाषेतला नव्हता. ते भिंतीला टेकले आणि घसरत घसरत खाली बसले. कोठीतून वलीनं विचारलं, “रंगनाथभौ, आता कोण आलंय?”

पुढचा अर्धा तास रंगनाथच्या आयुष्यातला सर्वांत मोठा अर्धा तास. साहेबांनी आईला चार वेळा हात लावून पाहिला, मग खिशातून ती चिठ्ठी काढली आणि गरजले, “देवकुळे!”

रंगनाथला परतीचं तिकीट डोळ्यांपुढं दिसलं. त्याला रडू फुटलं. “सर, मला काढा, पण एवढं ऐका! मी हे सगळं बायकोसाठी केलं. तीन वर्षांत त्रेसष्ट दिवस, सर! तिचा आवाज कसा आहे, तेसुद्धा मला आता नीट आठवत नाही!”

बाहेरचा वारा जरा उतरला होता.

“याचा कागद कुठं आहे?” म्हातारीनं विचारलं.

“ऑफिसात, आई. पण यानं तुला...”

“मी मेले ऐकून तू तीन दिवसांत विमानतळावर गेलास. जिवंत होते, तर चार वर्षं फिरकला नाहीस! यानं मारलं म्हणून आपण भेटलो. उद्या सकाळी सही कर.”

साहेबांनी सही केली. मंगळवारी, सात वाजून पाच मिनिटांनी, रंगनाथच्या डोळ्यांदेखत! तो पत्र छातीशी धरून व्हिसाच्या टेबलाकडं धावत गेला. तिथल्या माणसानं पत्र वाचलं, शिक्का उचलला, आणि शिक्का हवेत ठेवूनच विचारलं, “मॅरेज सर्टिफिकेट?”

रंगनाथनं खिसे चाचपले. मग सावकाश त्याच्या लक्षात आलं. जोनास आणि पेशन्स यांचं अडीचशे वर्षांपूर्वीचं लग्न त्यानं तीन दस्तांनी सिद्ध केलं होतं. पण स्वतःच्या लग्नाची नोंद करायची त्याला कधी आठवणच झाली नव्हती. पाचशे माणसं जेवली होती, पण कागद एकही नव्हता!

त्यानं त्याच रात्री शैलजाला पत्र लिहिलं: लग्नाचा जो काही पुरावा घरात असेल तो ताबडतोब पाठव. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पाकिटात एक फोटो होता. नवरी स्पष्ट दिसत होती. शेजारी नवरदेव उभा होता, आणि त्याचा चेहरा बाशिंगामागं पुरता झाकला होता.

सोबत शैलजाची चिठ्ठी. ‘घरात एवढंच सापडलं. हा माणूस कोण, असं तिथले साहेब विचारतील. माझ्या आठवणीप्रमाणे तुम्हीच होतात. पण शपथेवर सांगायचं असेल, तर एकदा समोर येऊन उभं राहावं लागेल.’